दुभाजकातली खिंड

लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा महामार्ग साधाच होता, एक जाणारी आणि एक येणारी गाडी मावेल एवढाच. महाड सोडून पोलादपूरकडे निघालं की उजव्या हाताला डोंगराच्या पायथ्याशी आमची घरं लागायची आणि डाव्या हाताला भाताची खाचरं, त्यांच्यापलीकडे नदी. म्हणजे राहायचं रस्त्याच्या या बाजूला आणि पिकवायचं त्या बाजूला. गोठे घरामागे, पण म्हशींचं पाणी आणि चारा पलीकडे. सकाळी म्हशी रस्ता ओलांडून जायच्या, दिवस कलला की परतायच्या. माझे सासरे, ज्यांना घरात आणि गावातही सगळे आबा म्हणतात, रस्त्याच्या मधोमध उभे राहून काठी आडवी धरायचे. एसटी थांबायची. ड्रायव्हर ओळखीचा असला तर खिडकीतून डोकं काढून म्हशींची चौकशी करायचा. कोणी घाईतला हॉर्न वाजवायचा. आबा त्याच्याकडे बघायचेही नाहीत.

मग रस्ता रुंद करायचं काम आलं. ते किती वर्षं चाललं हे इथल्या माणसाला विचारू नये. खणलेली माती, वळवलेल्या वाटा, पावसात चिखल, उन्हाळ्यात धूळ, आणि मग अचानक सगळं गुळगुळीत. चार पदर, आणि मध्ये छातीच्या वर येणारी सिमेंटची भिंत. महाडच्या बाजूच्या पुलापासून पोलादपूरच्या बाजूच्या पुलापर्यंत तो दुभाजक सलग होता. आमचं गाव बरोबर मध्ये.

रस्ता सुरू झाला त्या सकाळी मी कामाला जायला स्कूटर काढत होते. आबा म्हशी घेऊन कडेला आले. म्हशींनी सवयीनं पाऊल टाकलं, दोन पदर ओलांडले आणि भिंतीपाशी जाऊन थांबल्या. त्यांच्या मागून एक कंटेनर इतक्या जोरात गेला की शेवटच्या म्हशीच्या पाठीवरची वाळलेली माती उडालेली मला दिसली. आबांनी सगळ्यांना मागे वळवलं. अंगणात आले, काठी भिंतीला टेकवली आणि सासूबाईंना एवढंच म्हणाले, "रस्ता गेला गो आपला."

रस्त्याखालून पावसाचं पाणी जायला एक मोरी ठेवली होती. उन्हाळ्यात माणूस वाकून तिच्यातून पलीकडे जाऊ शकायचा. पण म्हशी आत पाय ठेवायला तयार होईनात, आणि पावसाळ्यात तिच्यातून ओहोळ वाहायचा. पुलाखालून जायचं तर म्हशींना वाहत्या हायवेच्या कडेकडेनं चालवत न्यायचं, जातानाही आणि येतानाही. काही दिवस आबांनी विकतचा पेंढा घातला. मग एका रविवारी भर सकाळी गावातल्या चार-पाच जणांनी जेसीबी बोलावला आणि गावासमोरचे भिंतीचे दोन तुकडे उचलून कडेला ठेवले. चोरून कोणी काही केलं नाही. आबा सगळ्यांत पुढे होते, बायका अंगणातून बघत होत्या. तुकडे निघाले तेव्हा कोणीतरी ओरडलं, "खिंड पडली!" तेच नाव राहिलं.

सुरुवातीला खिंडीतून फक्त म्हशी आणि माणसं गेली. मग मोटरसायकली जायला लागल्या. एमआयडीसीत शिफ्टला जाणारी मुलं महाडहून परतताना तिथूनच वळायची. माझा नवराही तिथल्याच एका कारखान्यात आहे. कंपनीची बस त्याला पलीकडच्या बाजूला सोडायची आणि तो खिंडीतून चालत घरी यायचा. मीसुद्धा स्कूटर तिथूनच वळवायचे. नाहीतर घर डोळ्यांना दिसत असताना पुढे पोलादपूरच्या पुलापर्यंत जायचं, खालून वळायचं आणि पुन्हा मागे यायचं. पुढे टेम्पो आले, विटांचे ट्रक आले. खिंडीच्या तोंडाशी एकानं चहा-वडापावची टपरी टाकली. मुंबईच्या गाड्यांना कळलं की इथं वळता येतं, तशा त्याही वळायला लागल्या. म्हशींसाठी पडलेली खिंड वर्षभरात चौक झाली.

मी महाडमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. पूर्वी माझ्याकडे झाडावरून पडलेले, बांधावरून घसरलेले, मशीनमध्ये बोट गेलेले लोक यायचे. रस्ता झाल्यावर माझ्या खोलीत येणारी हाडं बदलली. मांडीचं हाड तुटायला फार जोर लागतो, आणि ते तुटलेलं मी आता इतक्या वेळा बघत होते की स्क्रीनवर चित्र उमटण्याआधीच, पाय कसा पडला आहे त्यावरून मला ते कळायचं. कोण कुठं आपटलं हे नातेवाईक सांगायचेच. बहुतेक वेळा ते अशाच कुठल्यातरी तोडलेल्या दुभाजकाचं नाव घ्यायचे. प्रत्येक गावानं आपापल्या फटीला नाव दिलेलं होतं. मी ऐकायचे, शिशाचा अ‍ॅप्रन काढून खुंटीला लावायचे, आणि संध्याकाळी खिंडीतून स्कूटर वळवून घरी यायचे.

घरात एक नवीन सवय शिरली होती. रस्त्यावर ब्रेक करकचले की सगळे आहेत तिथे थांबायचे. सासूबाईंचा भाकरी थापणारा हात परातीतच थांबायचा. गाडी पुन्हा गिअर टाकून निघाल्याचा आवाज आला की हात चालू. दिवसातून कितीदा हे व्हायचं ते मी मोजलं नाही. पण माहेरी गेले की सुरुवातीचे काही तास मला तिथली शांतता सोसायची नाही. काहीतरी व्हायचं राहिलंय असं वाटत राहायचं.

रस्त्याचं काम बघणारे इंजिनिअर साहेब पहिल्यांदा आले तेव्हा सोबत दोन पोलिस होते. साहेब पन्नाशीचे, शांत बोलणारे. खिंडीपाशी गाव जमलं.

"आबा, हे बेकायदेशीर आहे," ते म्हणाले. आबा पुढारी आहेत हे त्यांना कोणीतरी सांगितलं असणार.

"मग कायदेशीर कुठून जाऊ ते दाखव."

साहेबांनी पोलादपूरच्या दिशेला हात केला. "पुलाखालून."

"म्हशी घेऊन? ह्या गाड्यांच्या कडेनं? तू चल माझ्यासंगं एक दिवस."

"भुयारी मार्गाचा प्रस्ताव पाठवलाय आम्ही."

"पाठवलाय. आलाय काय?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. "तोवर थांबावं लागेल. इथं माणूस मेला तर?"

"मी मरंन," आबा म्हणाले. "लिवून देतो. मला काय झालं तर सरकार जबाबदार नाय, तुमचा कंत्राटदार जबाबदार नाय. माझा जीव हाय, जबाबदारी माझी. आण कागद, सही करतो."

"असा कागद घेता येत नाही, आबा. आणि प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. भरधाव येणारा माणूस समोर म्हैस असेल असं धरून चालत नाही."

"मग त्यानं सावकाश यावं! आमच्या गावातनं जातोय ना तो? की आम्ही त्याच्या रस्त्यात राहतोय?"

यावर टाळ्या पडल्या. मी मागे उभी होते. मला दोघांचंही पटत होतं. दोघंही खोटं बोलत नसताना जे होतं ते माझ्याकडे स्ट्रेचरवरून येतं, हे मला ठाऊक होतं.

दुपारी क्रेन येऊन खिंड बंद झाली. दोन दिवसांनी पुन्हा उघडली. पुन्हा बंद, पुन्हा उघडी. शेवटी कुठंतरी वर बोलणं झालं आणि खिंड राहिली. लाल-पांढरे पट्टे ओढलेली दोन पिंपं, "सावकाश" अशी एक पाटी आणि सौर ऊर्जेवर लुकलुकणारा एक दिवा, एवढं बसवून साहेब गेले. दिवा दिवाळीपर्यंत लुकलुकला.

खिंडीबद्दल देवळात सभा झाली तेव्हा मी तोंड उघडलं. बायकांच्या बाजूनं उठून म्हणाले, "खिंड राहू दे, पण अरुंद करू या. म्हैस आणि माणूस जाईल एवढीच. गाड्या वळायच्या बंद झाल्या तरी निम्मा धोका जाईल."

टपरीवाला माझ्या नवऱ्याहून लहान. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "वैनी, तुमची स्कूटर जाईल एवढी ठेवायची ना?"

सगळे हसले. मी त्याच संध्याकाळी तिथून वळून आले होते, आणि ते त्यानं टपरीतून पाहिलेलं होतं. मी खाली बसले. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "बोललीस ते बरोबर बोललीस. पण उद्यापासून तू पुलाखालून येशील?"

"येईन."

आणि आलेही, काही दिवस. पण पुलाखाली दिवे नव्हते. अंधार पडला की खांबाला टेकून चारदोन जण बाटल्या घेऊन बसलेले असायचे. मी वळायला वेग कमी केला की बोलणं थांबवून माझ्याकडे बघायचे. एकदा त्यातला एक उठून रस्त्यात आला आणि हात पसरून उभा राहिला, गंमत म्हणून. मी कशी निघाले ते आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा खिंड. नवऱ्याला कारण सांगितलं. तो म्हणाला, "खिंडीत इंडिकेटर लवकर देत जा."

हिवाळ्यात नदीवरून धुकं येतं आणि सकाळी रस्ता त्यात बुडालेला असतो. एका अशा सकाळी एका ट्रकनं आबांच्या पुढच्या म्हशीला शिंग घासून जाईल इतक्या जवळून चुकवलं. आबांनी घरी सांगितलं नाही, टपरीवाल्यानं सांगितलं, तेही हसत. सासूबाईंनी त्या दिवशी आबांना जेवायला वाढलं आणि समोर बसल्या. "म्हशी इका," त्या म्हणाल्या. त्यांनी आबांना काही सांगितलेलं मी क्वचितच ऐकलं होतं.

"आणि करू काय? अंगणात बसू?"

"जित्ता बसा."

आबा जेवत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "मी बघतो ना दोन्हीकडं. डोळं फुटलं नायत माझं." त्यांना खरंच वाटत होतं की बघणं त्यांच्या हातात आहे म्हणजे सगळं त्यांच्या हातात आहे. त्यांच्या बाजूनं ते चुकत नव्हते. इतक्या वर्षांत त्यांची एकही म्हैस रस्त्यावर दगावली नव्हती.

एप्रिलमध्ये कोकणातून वाशीला आंबा जातो. पिकअप गाड्या पेट्या भरून दिवसरात्र पळत असतात, कारण माल बाजारात वेळेवर पोचायला हवा. त्या संध्याकाळी मी हॉस्पिटलमध्येच होते. जायची तयारी करत होते तेवढ्यात खालून निरोप आला की अ‍ॅक्सिडेंट आहे, थांबा. स्ट्रेचर आलं तेव्हा सगळ्यात आधी वास आला. हापूसचा वास, दाट, गोड. एसी लावलेल्या त्या बंद खोलीत तो भरून राहिला. चाळिशीचा माणूस होता. शर्टावर रस आणि रक्त एकत्र वाळत होतं. शुद्धीवर होता. डावा पाय कसा पडला आहे ते मी पाहिलं आणि मला कळलं.

"हलू नका," मी म्हणाले. "थोडं दुखेल."

"ताई," तो म्हणाला, "तो म्हातारो वाचलो मां?"

"कोण म्हातारे?"

"म्हशीवालो. काठी घेवन मधीच उभो होतो."

मला घरून फोन आलेला नव्हता. निदान मी पाहिलेला नव्हता, माझा फोन बाहेर पर्समध्ये होता. मी त्याला म्हणाले, "थांबा, विचारते," आणि बाहेर गेले. सासूबाईंनी पहिल्याच रिंगला उचलला.

"हायत," मी विचारायच्या आत त्या म्हणाल्या. "पलीकडं हायत. म्हशींजवळ बसलेत. बोलत नायत."

मी आत आले. "वाचले," त्याला म्हणाले. आणि मग, सांगायची गरज नसताना, "माझे सासरे आहेत ते."

त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तयार होते, तो काहीही म्हणाला असता तरी. तो म्हणाला, "बरां झालां," आणि डोळे मिटले.

मग मी चित्रं काढली. मांडी दोन ठिकाणी. गुडघ्याखाली तर हाड म्हणावं असं सलग काही उरलेलं नव्हतं. आम्हाला डॉक्टरांच्या आधी कळतं आणि सांगायचं नसतं. मी त्याला म्हणाले की झालं, आता दुखणं थांबायचं इंजेक्शन देतील.

काय घडलं ते मला नंतर सासूबाईंकडून आणि टपरीवाल्याकडून तुकड्यातुकड्यानं कळलं. म्हशी नदीवरून परतत होत्या. पहिले दोन पदर ओलांडून खिंडीत उभ्या होत्या. आबा पुढचा रस्ता मोकळा व्हायची वाट बघत होते. तेवढ्यात टपरीवरून वळायला निघालेल्या एका कारनं मागून हॉर्न दिला. पुढची म्हैस बिचकून रस्त्यात उतरली. तिला अडवायला आबा तिच्या पुढे धावले. पोलादपूरकडून पिकअप येत होती. ड्रायव्हरनं स्टिअरिंग वळवलं आणि गाडी खिंडीच्या कडेला, उघड्या राहिलेल्या भिंतीच्या टोकावर जाऊन आदळली. आबांना धक्काही लागला नाही. म्हैस वळली आणि बाकीच्यांना घेऊन नदीकडे परत गेली. हॉर्न देणारी कार निघून गेली. पेट्या फुटून आंबे दोन्ही बाजूंच्या रस्त्यावर पसरले. मागच्या गाड्या थांबल्या, लोक धावले. काही जण दरवाजा वाकवून माणूस बाहेर काढत होते, आणि काही जण आंबे वेचत होते. त्यात आमच्या गावचेही होते. आबा ओरडले, "ठेवा ते खाली!" त्या संध्याकाळी ते बोललेलं कोणी ऐकलं ते तेवढंच.

ती रात्र ते पलीकडे खाचरात, म्हशींजवळच राहिले.

सकाळी ते मोरीतून वाकून इकडे आले आणि तसेच, गुडघ्यांना लागलेल्या चिखलासकट, एसटीनं महाडला आले. मी त्यांना हॉस्पिटलच्या दारात पाहिलं तेव्हा आधी ओळखलं नाही. ड्रायव्हरला मुंबईला हलवायची तयारी चालू होती. त्याचा भाऊ देवगडकडून आला होता. बाकावर बसून होता, हातात भावाच्या चपला. आबा त्याच्या शेजारी जाऊन बसले. मी जवळ उभी राहिले.

"मी तो म्हातारा," आबा म्हणाले.

भावानं त्यांच्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. "माझ्या भावान तुमका वाचवल्यान," तो म्हणाला. "आता जपून ऱ्हवा."

आबांनी हात जोडले. परत जाताना मी त्यांना एसटीपर्यंत सोडलं. वाटेत ते एकदाच बोलले. "मी बघत होतो, पोरी," ते म्हणाले. "दोन्हीकडं बघत होतो."

काही दिवसांनी भावाचाच फोन आला. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला होता.

चौकशीला हवालदार गावात आले तेव्हा आबा आपण होऊन पुढे गेले. "माझ्यामुळं झालं. खिंड फोडणाऱ्यांत मी पयला होतो. लिवा."

हवालदारांनी त्यांना बाजूला घेतलं. "ड्रायव्हर वेगात होता, आबा. ताबा सुटला. झालं."

"वेगात सगळेच असतात. त्याचा ताबा सुटला नाय, त्यानं गाडी वळवली. मी सांगतो ना, लिवा माझं नाव."

"तुमचं नाव लिहिलं तर खिंड कोणी फोडली ते येईल, जेसीबी कोणाचा ते येईल. अख्खं गाव तारखांना फिरेल. घरी जा."

मागे गाव उभं होतं, पण हसायला कोणी नव्हतं. ज्यांच्यासाठी आबा भांडले होते त्यांच्या चेहऱ्यांवर मला एक नवीन भाव दिसला. ते त्यांच्याकडे सांभाळून बघत होते, जसं सुटलेल्या बैलाकडे बघतात. संध्याकाळी दोन जण घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, "म्हाताऱ्याला आवर. त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय."

आबांनी मला फोन करायला लावला, इंजिनिअर साहेबांना. साहेब स्वतः आले. आबा म्हणाले, "बंद कर ती."

"आबा, तुम्हीच सांगताय?"

"मीच. माझ्यासमोर बंद कर. आणि निघणार नाय अशी कर."

दुपारच्या उन्हात क्रेन आली. या वेळी तुकडे नुसते ठेवले नाहीत, लोखंडी सळ्या घालून काँक्रीट ओतलं. पोलिस होते म्हणून गाव लांब उभं राहिलं. आबा पलीकडच्या बाजूला उभे होते, म्हशी त्यांच्या मागे. अपघाताच्या संध्याकाळपासून म्हशी तिकडेच होत्या आणि आबांनी त्यांच्यासाठी खाचराच्या कडेला खोपट घातलं होतं. शेवटचा तुकडा खाली आला तेव्हा भिंतीवरून त्यांचा फक्त चेहरा दिसत होता. सासूबाई आमच्या अंगणातून बघत होत्या. कोणीच हात वगैरे केला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ते परत येणार नाहीत.

ते आले नाहीत. नवरा समजवायला गेला, मी गेले. "म्हशी सोडून कसा येऊ?" हे पहिलं कारण. म्हशी विकू म्हटलं तर, "मग उठून काय करू?" आणि शेवटी, जरा चिडून, "मी रस्त्यात पाय ठेवणार नाय. त्या माणसानं सांगितलंय." पाऊस लागेपर्यंत ते अधूनमधून मोरीतून वाकून येत, जेवत, जात. जूनमध्ये ओहोळ भरला आणि तीही वाट बंद झाली. डबा द्यायचा म्हटला की ओरडायचे, "माझ्यासाठी कोणी भिंत चढायची नाय!" खोपटातच तांदूळ शिजवायचे. सासूबाई रस्त्याच्या या कडेला उभ्या राहायच्या, आबा त्या कडेला. ट्रक गेले की एकमेकांना दिसायचे. दोघांच्या कानाला फोन.

"सुकट संपली काय?"

"हाय अजून."

मध्ये कंटेनर जायचा आणि दोघं गप्प व्हायचे, फोनवर ऐकू येत असूनही.

गावाचं म्हणाल तर कोणी भांडलं नाही. आमच्याकडे येणं कमी झालं, इतकंच. टपरी उठली. टपरीवाला आता मला वैनी म्हणत नाही, बघतही नाही. शिफ्टची मुलं भिंतीवरून चढून येतात, डबे आधी पलीकडे टाकतात. गावातली एक म्हातारी चढताना पडली आणि तिचं मनगट मीच पाहिलं. साधं फ्रॅक्चर होतं. तिची सून मला म्हणाली, "खिंड असती तर पडली नसती." ते खरंच होतं. त्या ड्रायव्हरचा पायही खरा होता. नवरा बसमधून उतरला की मी खिडकीपाशी जाते. त्याला पुलाखालून चालत यायला सांगते, तो हो म्हणतो, आणि भिंतीवर त्याचं डोकं दिसतं.

भात कापून झाल्यावर एका दुपारी सासूबाईंनी लुगडी एका पिशवीत भरली, तवा आणि पोळपाट दुसरीत. "मला तिकडं सोड," त्या म्हणाल्या. किती दिवसांसाठी ते मी विचारलं नाही. आबांना खोकला झाला होता, तो फोनवर ऐकू यायचा.

आमच्या घरून पलीकडे जायचं तर आधी महाडच्या दिशेनं जायचं, पुलाखालून वळायचं आणि दुसऱ्या बाजूनं परत यायचं. सासूबाई स्कूटरवर मागे बसल्या, एक हात माझ्या खांद्यावर, एक पिशव्यांवर. आयुष्यभर त्यांनी तो रस्ता चालत ओलांडला होता. मी हेल्मेट घातलं होतं, दुसरं त्यांना दिलं. त्यांनी ते डोक्यावरच्या पदरावर तसंच चढवलं. अगदी कडेकडेनं, सावकाश चालवत होते. शेजारून गाड्या जात होत्या आणि प्रत्येक वेळी वाऱ्यानं स्कूटर किंचित ओढली जायची. सासूबाईंची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती.

अर्ध्या वाटेवर समोरून एक हेडलाइट येताना दिसला. दिवसाढवळ्या लावलेला, आमच्याच कडेनं, आमच्याच दिशेनं. मला आधी वाटलं की तो पलीकडच्या रस्त्यावर असेल. मग दिसलं की नाही, तो उलटा येतोय. महाडहून परतणारा एक शिफ्टचा मुलगा, आमच्याच गावातला. महाडच्या पुलाखालून या बाजूला येऊन उलट्या रस्त्यानं घर गाठत होता, कारण पोलादपूरच्या पुलापर्यंत जाऊन यायला फार वेळ लागतो. त्याच्यामागे आणखी एक होता, आणि त्याच्यामागे आणखी.

माझ्या उजवीकडून ट्रक येत होता, आरशात मोठा होत होता. डावीकडे लोखंडी कठडा. मी जागेवरच थांबले, पाय टेकला, स्कूटर कठड्याला लावली.

"काय झालं गो?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"काही नाही, आई. हलू नका."

पहिला मुलगा आमच्या आणि ट्रकच्या मधून निघून गेला, आरसा आरशाला लागेल इतक्या जवळून. त्यानं मला ओळखलं. जाता जाता हँडलवरचा एक हात उचलून, रोज गावात भेटल्यावर करतात तसा, त्यानं मला नमस्कार केला.